फिट येण्याआधीची शांतता: संगणकातला मेंदू आणि अपस्माराची जडणघडण

आजचा विषय आहे अपस्मार. आपल्याकडे याला कुणी फेफरं म्हणतं, कुणी आकडी, कुणी मिरगी, आणि शहरांत सरळ ‘फिट येणं’. नाव काहीही असो, घरचे लोक पहिला प्रश्न एकच विचारतात: फिट थांबेल ना? आज आपण त्याच्या एक पायरी मागे जाणार आहोत. चांगल्याभल्या मेंदूला फिट येण्याची सवय मुळात लागते कशी? आणि ती लागत असतानाच तिला अडवता येईल का?

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. एक तरुण मोटरसायकलवरून पडतो. डोक्याला जबर मार लागतो. ऑपरेशन होतं, काही आठवडे हॉस्पिटलमध्ये जातात, मग तो बरा होऊन कामावर जाऊ लागतो. दीड वर्षानंतर एका सकाळी दात घासताना तो कोसळतो आणि हातपाय झटकू लागतो. घरच्यांना वाटतं, हे आता नवीन काय? डॉक्टर मात्र विचारतात, “पूर्वी कधी डोक्याला मार लागला होता का?”

जखम दीड वर्षापूर्वीची आणि फिट आजची. मग मधल्या दीड वर्षात मेंदूत काय चाललं होतं? बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. आतून पाहिलं तर पुष्कळ काही. हा जो वरवर शांत दिसणारा काळ आहे, तोच आजच्या बोलण्याचा गाभा. आणि तो समजून घ्यायला शास्त्रज्ञ संगणकात मेंदूची मॉडेलं का उभारतात, ती कशी चालतात, त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे आपण टप्प्याटप्प्यानं पाहू.

बाजार आणि ढोलपथक

आधी फिट म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना विजेचे आणि रसायनांचे छोटे छोटे इशारे देत असतात. निरोगी मेंदू हा भर बाजारासारखा असतो. प्रत्येक जण बोलतोय, पण वेगवेगळं. कुणी भाव करतंय, कुणी हाका मारतंय. त्या कलकलाटातच व्यवहार चालतो.

आता त्याच बाजारात सगळे एका ठेक्यावर ढोल वाजवू लागले तर? आवाज प्रचंड होईल, पण व्यवहार बंद पडेल. फिट म्हणजे ढोबळमानानं हेच. असंख्य चेतापेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यावर पेटतात. हे मेंदूच्या एका कोपऱ्यात झालं तर माणूस काही क्षण शून्यात बघत राहतो, किंवा एकच हात झटकतो. पूर्ण मेंदूभर पसरलं तर शुद्ध हरपते आणि सर्वांगाला झटके येतात.

असं होऊ नये म्हणून मेंदूत दोन प्रकारच्या पेशींचा तोल असतो. काही पेशी शेजारणीला ‘चल, पेट’ म्हणतात; त्या उत्तेजक. काही ‘थांब, गप्प’ म्हणतात, त्या शामक. एक गाडीचा ॲक्सिलरेटर, दुसरी ब्रेक. तोल गेला की फिट.

पण एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला, असं नाही. साखर फार खाली गेली, सोडियम उतरलं, लहान मुलाला तीव्र ताप आला, तरी फिट येऊ शकते. तसं काही तात्कालिक कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतरानं दोन फिट्स आल्या, किंवा एकच आली पण पुन्हा येण्याचा धोका बराच जास्त आहे असं तपासणीत दिसलं, तर डॉक्टर अपस्मार म्हणतात. म्हणजे फिट ही घटना आहे, आणि अपस्मार ही मेंदूला जडलेली प्रवृत्ती आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

औषध फिट अडवतं, अपस्मार अडवत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि त्यांतले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. पण साधारण एक तृतीयांश रुग्णांना औषधांनी पूर्ण आराम पडत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मार सौम्य असेल तर पाच वर्षांत फिट येण्याचं प्रमाण ०.७ टक्के होतं, मध्यम असेल तर १.२ टक्के, आणि जबर असेल तर १० टक्के. म्हणजे जबर मार लागलेल्या दहा जणांत एकाला. मग साहजिक विचार येतो: सगळ्यांनाच आधीपासून फिटचं औषध दिलं तर?

ते करून पाहिलं गेलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोक्याला गंभीर दुखापत झालेल्या रुग्णांना फेनिटॉइन हे जुनं, परिचित औषध दिलं. पहिल्या आठवड्यातल्या फिट्स स्पष्टपणे कमी झाल्या. पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत येणाऱ्या फिट्सवर मात्र फरक पडला नाही. औषधानं ब्रेक दाबून धरला होता, पण गाडीचं इंजिन आत बदलतच राहिलं.

आजही, जखमेनंतर अपस्मार होऊच नये म्हणून सर्रास देता येईल असं सिद्ध औषध आपल्याकडे नाही. कारण इंजिन आत नेमकं कसं बदलतं, हेच पूर्ण उलगडलेलं नाही. माणसाच्या जिवंत मेंदूत दीड वर्ष डोकावून बसता येत नाही. उंदरांवर प्रयोग होतात, पण एका उंदरात एका वेळी एक-दोनच गोष्टी मोजता येतात. आणि बदल तर एकाच वेळी रेणूंपासून संपूर्ण मेंदूपर्यंत, सेकंदांपासून वर्षांपर्यंत चालू असतात. इथे मॉडेल कामाला येतं.

मॉडेल म्हणजे नेमकं काय?

मॉडेल म्हटलं की आपल्याला शाळेतलं प्लास्टर ऑफ पॅरिसचं मॉडेल आठवतं. इथे तसं काही नाही. इथलं मॉडेल म्हणजे समीकरणं. ‘अमुक गोष्ट इतकी वाढली, तर तमुक गोष्ट इतक्या वेगानं बदलते’, अशी वाक्यं गणिताच्या भाषेत लिहायची आणि संगणकाला सांगायचं, यांना पुढे चालव. हवामानखातं मॉन्सूनचा अंदाज देताना हेच करतं. फक्त तिथे वारा आणि बाष्प असतं, इथे चेतापेशी आणि त्यांचे इशारे.

या परंपरेची सुरुवात अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांपासून धरतात. माखुळासारख्या स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर त्यांनी मोजमापं घेतली आणि १९५२ मध्ये विजेचा इशारा कसा तयार होतो याची समीकरणं मांडली. संगणक उपलब्ध नसल्यानं हक्सलींनी हँडल फिरवून चालवायच्या गणनयंत्रावर हिशेब केला. समीकरणांवरून त्यांनी काढलेला इशाऱ्याचा वेग होता सेकंदाला १८.८ मीटर, प्रयोगात मोजलेला वेग होता २१.२ मीटर. काही जुळवाजुळव न करता कागदावरचं गणित निसर्गाच्या इतकं जवळ आलं. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही मेंदूची अनेक सविस्तर मॉडेलं त्याच समीकरणांच्या पायावर उभी आहेत.

शंभर पेशींनी केलेलं भाकीत

अपस्मारात मॉडेलचा पहिला मोठा कस लागला १९८२ मध्ये. रॉजर ट्रॉब आणि रॉबर्ट वाँग यांनी हिप्पोकॅम्पसच्या एका छोट्या भागाचं मॉडेल केलं. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला, आठवणींशी निगडित भाग. मोठ्यांमधल्या अपस्माराचं हे एक नेहमीचं ठिकाण. त्यांच्या मॉडेलमध्ये पेशी किती होत्या? फक्त १००.

त्यांनी मॉडेलमधला ब्रेक, म्हणजे शामक इशारे, बंद केले. मग मोजक्या पेशींना धक्का दिला. थोड्याच वेळात सगळ्या शंभर पेशी एकत्र पेटल्या. यातून एक धाडसी भाकीत निघत होतं: ब्रेक नसेल तर अगदी थोड्या पेशीसुद्धा संपूर्ण समूहाला पेटवू शकतात. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, रिचर्ड माइल्स आणि वाँग यांनी मेंदूच्या खऱ्या कापांवर दाखवून दिलं की काही वेळा एका एकट्या पेशीला उत्तेजित केल्यानं सबंध समूह एका ठेक्यावर येतो.

मॉडेलची किंमत इथे कळते. माहीत असलेली गोष्ट पुन्हा दाखवणं सोपं असतं. माहीत नसलेली गोष्ट आधी सांगणं, आणि ती प्रयोगानं खरी ठरणं, ही खरी परीक्षा. पण हे उत्तर ‘फिट कशी पेटते’ याचं होतं. ‘पेटण्याजोगी परिस्थिती कशी तयार होते’ हा प्रश्न बाकीच होता.

वायरिंग बदलतं तेव्हा

हिप्पोकॅम्पसच्या तोंडाशी डेंटेट गायरस नावाचा भाग आहे. तो दरवानासारखा असतो. बाहेरून येणाऱ्या इशाऱ्यांच्या गर्दीतले थोडेच आत सोडतो. डोक्याला मार लागला किंवा फार वेळ चालणारी फिट आली की या भागातल्या काही पेशी मरतात, आणि उरलेल्या पेशींना नवे फाटे फुटून त्या एकमेकींनाच जोडल्या जातात. दरवान दरवानाशीच बोलत बसतो.

कॅलिफोर्नियात इव्हान सोल्टेझ यांच्या गटानं उंदराच्या डेंटेट गायरसची उपलब्ध सगळी माहिती गोळा करून ५०,००० हून अधिक पेशींचं मॉडेल केलं; ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी इजेचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं. इजा वाढेल तशी जाळ्याची पेटण्याची प्रवृत्तीही वाढत गेली. पण इजा अगदी टोकाला गेली तेव्हा प्रवृत्ती उलट थोडी उतरली. कारण लांबलांबच्या भागांना जोडणाऱ्या पेशीच नाहीशा झाल्या, आणि वणवा पसरायला वाट उरली नाही. म्हणजे पूर्ण उद्ध्वस्त जाळ्यापेक्षा अर्धवट उद्ध्वस्त जाळं जास्त धोक्याचं. नुसता विचार करून हे सुचलं नसतं.

पुढच्या वर्षी याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. एकूण जोडण्या तेवढ्याच ठेवल्या, पण थोड्याशा पेशींना इतरांपेक्षा खूप जास्त जोडण्या दिल्या, तर जाळं लगेच भडकू लागतं. रेल्वेचं उदाहरण घ्या. मनमाड, भुसावळ, इटारसी ही जंक्शनं. देशभरातल्या रुळांची लांबी बदलली नाही, पण इटारसीला गोंधळ झाला तर मुंबईपासून दिल्ली-चेन्नईपर्यंतच्या गाड्या खोळंबतात. मेंदूतही इजेनंतर किती नव्या जोडण्या झाल्या, याइतकंच त्या कुठे झाल्या हे महत्त्वाचं असू शकतं. अशा जंक्शन-पेशी सापडल्या तर उपचाराचं लक्ष्यही लहान आणि नेमकं होईल, ही त्यामागची आशा.

आवाजाचं बटण

आता सगळ्यांत विचार करायला लावणारी कल्पना. जखमेनंतर मेंदू जे करतो, ते वाईट हेतूनं करत नाही. तो स्वतःला दुरुस्त करत असतो.

रेडिओवर दूरचं स्टेशन अंधूक ऐकू येत असेल तर आपण काय करतो? आवाज वाढवतो. चेतापेशीही तेच करतात. जीना टरीजियानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की पेशींच्या हालचाली बराच काळ दाबून ठेवल्या, तर पेशी आपल्याकडे येणाऱ्या इशाऱ्यांची ताकद स्वतःहून वाढवतात. आणि हालचाली जास्त झाल्या तर कमी करतात. निरोगी मेंदूत हा गुण तोल सांभाळतो.

पण जखमेत मेंदूच्या एखाद्या भागाकडे येणाऱ्या तारा तुटल्या तर? तो भाग शांत पडतो. आतल्या पेशींना वाटतं, आवाज कमी झालाय. त्या बटण फिरवायला लागतात. २००५ मध्ये हाउवेलिंग, बझेनोव, सेज्नोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी हीच प्रक्रिया मॉडेलमध्ये घातली. तुटलेल्या तारा थोड्या असतील तर बटण थोडं फिरतं आणि कारभार सुरळीत होतो. तारा खूप तुटल्या असतील तर बटण इतकं फिरतं की साधी खरखरसुद्धा कर्कश वाजू लागते, आणि जाळ्यात फिटसारखे झटके सुरू होतात.

मधला शांत काळ का असतो, याचं एक समजण्याजोगं उत्तर इथे मिळतं. बटण एका दिवसात फिरत नाही. आणि उपचाराबद्दल एक उलटा विचारही सुचतो. जखमी भागाला आणखी शांत करण्याऐवजी त्याला हलकी, नियंत्रित चेतना देत राहिलं, तर बटण फिरवायची गरजच भासणार नाही का? हा उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. पण प्रयोग करून पाहावा असा प्रश्न तरी हातात येतो.

गोटी आणि दोन खळगे

पेशी आणि वायरिंग एवढ्यावर गोष्ट संपत नाही. जखमेनंतर मेंदूत दाह होतो, म्हणजे सूज आणि प्रतिकारशक्तीची धावपळ. रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जो बंदोबस्त असतो, तो सैल पडतो. काही पेशी मरतात. वायरिंग बदलतं. फिट आली की पुन्हा दाह वाढतो. एक गोष्ट दुसरीला खतपाणी घालते.

जर्मनीतल्या फ्रँकफर्ट इथले डॅनिलो बाटुलिन, योखेन ट्रीश आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या सगळ्यांना एकत्र बांधणारं मॉडेल मांडलं. त्यात एकेक पेशी नाही. दाह, सैल पडलेला बंदोबस्त, पेशींची हानी, बदललेलं वायरिंग आणि फिट्स, एवढ्याच गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींवर कसा परिणाम करतात याची मोजकी समीकरणं. इथे घड्याळ दिवसांत आणि महिन्यांत चालतं. प्राण्यांमध्ये अपस्मार निर्माण करण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धतींमध्ये दिसलेल्या गोष्टी या एकाच मॉडेलमधून मिळाल्या.

त्याचं सार गोटीच्या खेळातून समजेल. जमिनीत शेजारी शेजारी दोन खळगे आहेत. एक निरोगी, एक अपस्माराचा. मध्ये छोटा उंचवटा. गोटी निरोगी खळग्यात बसली आहे. जखम म्हणजे गोटीला मारलेली टिचकी. हलकी असेल तर गोटी वर चढून पुन्हा खाली येते. जोरात असेल तर उंचवटा ओलांडून पलीकडे जाते आणि तिथेच स्थिरावते. मग जखम भरली तरी गोटी परत येत नाही.

आता तीन गोष्टी उलगडतात. सारखाच मार लागलेल्या दोघांपैकी एकालाच अपस्मार का होतो? कारण उंचवट्याच्या माथ्याजवळ पोहोचलेली गोटी कुठे कलंडेल हे बारीकसारीक योगायोगांवरही ठरतं. उपचाराची वेळ का महत्त्वाची? कारण गोटी चढणीवर असताना लहानसा अडथळा पुरतो, पलीकडे गेल्यावर तीच ताकद अपुरी पडते. आणि एकच औषध का पुरत नसावं? कारण ढकलणारे हात अनेक आहेत. दाहावरचं औषध कधी सुरू करावं, किती दिवस द्यावं, याचे हजारो पर्याय संगणकात तपासून त्यांतले मोजकेच प्राण्यांवर तपासता येतात. वेळ वाचतो, पैसा वाचतो, आणि प्राण्यांचे जीवही वाचतात.

रुग्णाचा आभासी मेंदू

आतापर्यंतचं सगळं प्रयोगशाळेतलं. हॉस्पिटलच्या सर्वांत जवळ पोहोचलेलं काम फ्रान्समधल्या मार्सेय इथलं आहे. व्हिक्टर यिर्सा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एपिलेप्टर’ नावाचं मॉडेल मांडलं. मेंदूचा एखादा भाग फिटमध्ये कसा शिरतो आणि बाहेर कसा पडतो, हे त्यात फक्त पाच बदलत्या राशींमध्ये सांगितलं आहे. दूध तापताना बराच वेळ काही होत नाही, आणि मग क्षणात उतू जातं. तसं एक संथ, न दिसणारं बदलतं माप हळूहळू हद्द गाठतं, आणि वेगवान झटके एकदम सुरू होतात.

ज्यांना औषधं लागू पडत नाहीत, अशा काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. फिट जिथून सुरू होते तो भाग काढायचा. पण नेमका कोणता? चुकीचा भाग काढला तर फिट थांबत नाही आणि बोलणं किंवा स्मरण जाण्याची भीती. म्हणून एमआरआयवरून त्या रुग्णाच्याच मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढतात, प्रत्येक भागावर एपिलेप्टर बसवतात, डोक्यात तात्पुरत्या बसवलेल्या तारांमधून मिळालेल्या नोंदींशी ते जुळवतात, आणि कोणता भाग भडकण्याजोगा आहे याचा अंदाज घेतात. मग संगणकातच शस्त्रक्रिया करून पाहायची. हा भाग काढला तर फिट थांबते का? तो काढला तर?

५३ रुग्णांच्या जुन्या नोंदींवर या पद्धतीची पडताळणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच, २०१९ मध्ये, फ्रान्समधल्या अनेक केंद्रांत साडेतीनशेच्या आसपास रुग्ण घेण्याचं योजून एक रीतसर चाचणी सुरू झाली. हा भाग मी मुद्दाम थोडक्यात सांगतोय, कारण अपस्मार जडल्यानंतरचा हा उपयोग आहे. जडण्याआधीचा उपयोग अजून पुढे आहे.

मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा?

संगणकानं सांगितलं म्हणजे खरं, असं मानायचं नाही. का ते सांगतो. २००४ मध्ये एका अमेरिकी प्रयोगशाळेत अ‍ॅस्ट्रिड प्रिंझ, डिर्क बुखर आणि ईव्ह मार्डर यांनी खेकडे-लॉबस्टरच्या पोटातल्या एका छोट्या चेता-मंडलाची २ कोटींहून अधिक रूपं संगणकात तयार केली. मंडलात पेशी तीनच. आतले आकडे एकमेकांपासून अगदी वेगळे असलेली पुष्कळ रूपं जवळपास सारखाच ठेका देत होती. म्हणजे मॉडेलचा ठेका खऱ्या मेंदूशी जुळला, एवढ्यावरून आतली यंत्रणाही तीच आहे असं म्हणता येत नाही. चहा गोड लागला म्हणजे त्यात साखर आहे की गूळ, हे चवीवरून दर वेळी सांगता येत नाही.

यात एक दिलासाही आहे आणि एक इशाराही. अपस्मार एकाच वाटेनं येत नाही, अनेक वाटा त्याच खळग्याकडे जातात. म्हणून एका रुग्णाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. आणि म्हणूनच चांगलं मॉडेल करणारे शास्त्रज्ञ आपलं भाकीत प्रयोगानं खोडता येईल अशा पद्धतीनं मांडतात. जे मॉडेल कधीच चुकू शकत नाही, त्यातून काही शिकताही येत नाही.

प्रेक्षकांनी विचारलेले काही प्रश्न

*भारतात असं काम होतं का?*

होतं. चेतापेशींची मॉडेलं करण्यासाठी जगभर वापरल्या गेलेल्या ‘जेनेसिस’ या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरच्या घडणीत उपिंदर भल्ला यांचा वाटा होता. पुढे बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, त्यांनी ‘मूस’ हे सॉफ्टवेअर विकसित केलं. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत ऋषिकेश नारायणन यांचा गट हिप्पोकॅम्पसवर, आणि वेगवेगळ्या वाटांनी सारखाच परिणाम कसा येतो या प्रश्नावर काम करतो. उपचारांच्या बाजूनं, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रियांचा सविस्तर कार्यक्रम चालतो.

*माझ्या मुलाच्या डोक्याला मार लागला होता. मॉडेल सांगू शकेल का की त्याला अपस्मार होईल?*

आज नाही. एखाद्या व्यक्तीबद्दल असं भाकीत करणारी, दवाखान्यात वापरता येईल अशी पद्धत तयार नाही. सौम्य मार असेल तर धोका फार कमी असतो, हे मघाच्या आकड्यांत पाहिलंच. काही वेगळं दिसलं, म्हणजे क्षणभर शून्यात बघणं, हाताला अचानक झटका, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. निदानात त्याचा खूप उपयोग होतो.

*फिट येताना चप्पल किंवा कांदा हुंगवला की थांबते, हे खरं आहे का?*

नाही. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि श्रेय चपलेला मिळतं. त्या वेळी माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

*मॉडेल येईपर्यंत आम्ही काय करायचं?*

पुष्कळ काही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अपस्माराची सुमारे २५ टक्के प्रकरणं टाळता येण्याजोगी आहेत. हेल्मेट हा अपस्मार टाळण्याचा उपाय आहे. बाळंतपण सुरक्षित ठिकाणी होणं, रक्तदाब ताब्यात ठेवून पक्षाघात टाळणं, हेही. आपल्या देशात डुकरांमधल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होणं हे अपस्माराचं एक मोठं कारण आहे. ती अंडी माणसाच्या विष्ठेतून, दूषित पाणी आणि नीट न धुतलेल्या भाज्यांमधून येतात. त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होऊ शकतो. शौचालय, साबणानं हात धुणं आणि भाज्या स्वच्छ धुणं, यांनी मेंदू वाचतो.

आणि ज्यांना औषध चालू आहे, त्यांनी फिट थांबली म्हणून ते मनानं बंद करू नये.

*अपस्मार असलेल्या मुलीच्या लग्नाचं काय? कायदा आड येतो का?*

एके काळी येत होता. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींत अपस्मार ही विवाहातली अडचण म्हणून लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला त्याला आता पाव शतक उलटलं. घरांतून अजून पुरता गेलेला नाही. आजार लपवून लग्न करण्यापेक्षा, आणि लपवण्यासाठी चोरून औषध घेताना डोस चुकवण्यापेक्षा, दोन्ही घरांनी एकदा डॉक्टरांसमोर बसून बोलावं. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी मुलं होतात. फक्त औषधांचं नियोजन गर्भधारणेच्या आधीपासून करावं लागतं.

आजच्यापुरतं एवढं लक्षात ठेवा. फिट ही एका दिवसाची घटना असली, तरी अपस्मार बऱ्याचदा महिनोन्‌महिने गुपचूप घडत असतो, आणि जे हळूहळू घडतं ते अडवायला वेळ मिळतो. तो वेळ कसा वापरायचा, याचा शोध संगणकातल्या या गोट्या आणि खळग्यांमधून चालू आहे. तोवर मोटरसायकलवर बसताना हेल्मेटचा पट्टा नीट लावा, मागे बसणाऱ्यालाही लावायला सांगा.